लॉकर बँकेनेच फोडलं, विमा असता तर काय झालं असतं? कोलकात्याची एक केस आणि आपले नाणेसंग्रह

केस कोलकात्याची आहे. युनायटेड बँक ऑफ इंडियाच्या एका शाखेत एका बाईंनी १९५० च्या दशकात लॉकर घेतलं, १९७० मध्ये त्यावर मुलाचं नाव जॉइंट म्हणून लागलं. २७ मे १९९५ ला हा मुलगा लॉकर उघडायला आणि भाडं भरायला बँकेत गेला तर तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं की तुमचं लॉकर आम्ही २२ सप्टेंबर १९९४ लाच फोडलंय, १९९३-९४ चं भाडं थकलं होतं म्हणून, आणि आता ते दुसऱ्या ग्राहकाला दिलंय. म्हणजे आठ महिने होऊन गेले होते आणि याला पत्ताच नाही, कारण नोटीसच दिली नव्हती.

त्याने लेखी विचारणा केली. जूनमध्ये बँकेचं उत्तर आलं त्यात बँकेने चक्क मान्य केलं की थकबाकी नव्हती, लॉकर नजरचुकीने फोडलं गेलं. मग १७ जूनला तो आपला ऐवज घ्यायला गेला तेव्हा हातात एक पाकीट मिळालं, सील नसलेलं, आणि आत दागिने दोन. तो म्हणतो सात होते. बँक म्हणते आम्हाला दोनच मिळाले.

बस, एवढंच प्रकरण. चूक कोणाची यावर वाद नाही, बँकेने पत्रात लिहून दिलंय. वाद फक्त सात की दोन, आणि या एका प्रश्नाने ती केस १९९५ पासून २०२१ पर्यंत ओढली.

जिल्हा ग्राहक मंचाने सरळ सांगितलं, सगळा ऐवज परत करा नाहीतर तीन लाख रुपये द्या, आणि मनस्तापाचे वगैरे पन्नास हजार वेगळे. बँक राज्य आयोगाकडे गेली. तिथे पन्नासचे तीस हजार झाले आणि मुख्य म्हणजे ते तीन लाख गेले, कारण आयोगाचं म्हणणं असं की लॉकरमध्ये नेमकं काय होतं हे ठरवायला साक्षीपुरावे तपासावे लागतील, ते ग्राहक आयोगाच्या झटपट सुनावणीत होत नाही, दिवाणी कोर्टात जा. राष्ट्रीय आयोगानेही तेच धरलं. शेवटी १९ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, न्या. मोहन शांतनागौडर आणि न्या. विनीत सरन यांचं पीठ. कोर्टाने बँकेला चांगलंच झापलं, लॉकर देऊन हात झटकता येणार नाहीत असं सांगितलं, पाच लाख रुपये द्यायला लावले (संबंधित अधिकारी अजून नोकरीत असतील तर त्यांच्या पगारातून कापा असंही), खटल्याच्या खर्चाचे एक लाख वेगळे, आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत लॉकरचे नियम करायला सांगितलं.

पण दागिन्यांचं काय? ते दिवाणी कोर्टावरच सोडलं. म्हणजे पाच लाख मिळाले ते बँकेच्या निष्काळजीपणाबद्दल, पाच दागिन्यांची किंमत म्हणून नव्हेत. तो प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊनही जिथे होता तिथेच राहिला. दरम्यान युनायटेड बँकच एप्रिल २०२० मध्ये पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली.

ही केस लोक शेअर करतात ती "बघा बँकेला दणका" म्हणून. मला ती वेगळ्या कारणाने इंटरेस्टिंग वाटते. आमच्या नाणेवाल्यांच्या ग्रुपमध्ये दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतं की माझा संग्रह बँकेच्या लॉकरमध्ये आहे, मग विमा कशाला काढू, आणि दुसरं कोणीतरी सांगतं की काढ बाबा, काढला की टेन्शन नाही. दोघांनीही ही केस नीट वाचावी. निकालात विमा हा विषयच नाही, पण समजा त्या माणसाकडे पॉलिसी असती, अगदी आजची चांगली पॉलिसी, तर काय झालं असतं? एकेक पायरी घेऊन बघू.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू, तो फार पसरलाय. निकालानंतर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ ला नवे नियम काढले, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक, अशा कारणांनी ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढी. लोकांनी याचा अर्थ "आता बँकेचा विमा आहे" असा घेतला. अहो, लॉकरचं भाडं वर्षाला तीन हजार असेल तर शंभर पट म्हणजे तीन लाख, तिथेच रेघ. आत तीस लाखांचा माल असला तरी तीनच लाख. आणि भूकंप, पूर, वीज पडणं यात बँकेवर ही जबाबदारी नाही, म्हणजे २०२१ च्या जुलैत चिपळूणला बाजारपेठ पाण्याखाली गेली तसं काही झालं तर शंभर पटही नाही. आणखी एक गोष्ट, आत काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही, त्यामुळे ऐवजाचा विमा उतरवायची जबाबदारी बँकेवर नाही असं नियमातच लिहिलंय, शिवाय लॉकरवाल्या ग्राहकाला ऐवजाच्या विम्याची पॉलिसी बँकेने विकायचीही नाही, ना थेट ना आडून. तेव्हा काउंटरवर कोणी "सर लॉकरचा विमा करून देतो" म्हणालं तर जरा जपून. हा विमा आपला आपण बाहेरून काढायचा.

आता पॉलिसी होती असं धरून चालू.

पहिला प्रश्न विमा कंपनी विचारणार की नुकसान झालं कशाने? घरफोडीच्या पॉलिसीत घरफोडीची व्याख्या असते, जबरदस्तीने घुसणं, तशा खुणा दिसणं वगैरे. कोलकात्यात लॉकर फोडलं कोणी? बँकेने, दिवसाढवळ्या, स्वतःच्या अधिकारात (म्हणजे अधिकार आहे असं समजून). ही घरफोडी नाही. मग चोरी? पाच दागिने ड्रिल मारल्यापासून पाकिटात जाईपर्यंत कुठेतरी गळाले असं जरी धरलं तरी कोणी घेतले, कधी घेतले, कोणालाच सांगता येत नाही, आणि कशी गेली ते कळत नाही अशी वस्तू, म्हणजे नुसतं "गहाळ झालं" हे बऱ्याच पॉलिसींमध्ये बाद असतं. उरतो एकच रस्ता, बँक कर्मचाऱ्याचा अप्रामाणिकपणा. हे कव्हर साध्या घराच्या पॉलिसीत शोधू नका, खास लॉकरसाठी काढलेल्या पॉलिसीत असू शकतं (इफको टोकियोची बँक लॉकर प्रोटेक्टर हे त्यातलं माहितीतलं नाव), आणि तिथेही नजरचूक वेगळी आणि अप्रामाणिकपणा वेगळा. बँकेने पत्रात लिहून दिलं "नजरचुकीने". ग्राहक मंचात त्या पत्राने ग्राहकाचं काम सोपं केलं, विमा कंपनीसमोर तेच पत्र त्याच्या विरोधात गेलं असतं! हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही, की बँकेची चूक सिद्ध करायला लागणारा कागद आणि विम्याचा क्लेम सिद्ध करायला लागणारा कागद एकच असेल असं नाही.

दुसरं, तारीख. पॉलिसी वर्षाची असते. लॉकर फुटलं सप्टेंबर ९४ ला, कळलं मे ९५ ला, मधे रिन्यूअल आलं असेल तर कुठल्या वर्षाच्या पॉलिसीवर क्लेम? घटना घडली त्या की कळलं त्या? पॉलिसीचे शब्द बघावे लागतात. शिवाय कळल्याबरोबर कंपनीला आणि चोरीचा संशय असेल तर पोलिसांना कळवणं ही अट असतेच, आणि आपला माणूस काय करतो तर आधी बँकेशी पत्रव्यवहार करतो, मॅनेजर ओळखीचा असतो, तो म्हणतो थांबा आम्ही बघतो, असे दोन-तीन महिने जातात. एवढी तरी सवय लावून घ्या की बँकेला पत्र आणि विमा कंपनीला ईमेल एकाच दिवशी गेले पाहिजेत.

आज निदान आठ महिने अंधारात राहायची वेळ येऊ नये. नव्या नियमांत लॉकर उघडलं की त्याच दिवशी एसएमएस आणि ईमेल यायला हवा, लॉकररूमच्या येण्याजाण्याचं सीसीटीव्ही फुटेज किमान १८० दिवस ठेवायचं, आणि भाडं थकलं म्हणून फोडायचं तर तीन वर्षं थकलेलं असावं लागतं, आधी पत्र, ईमेल, एसएमएस, पत्र परत आलं तर दोन पेपरात जाहीर नोटीस, फोडताना दोन स्वतंत्र साक्षीदार, ऐवजाची यादी, सील. कोलकात्यात जे जे झालं नाही ते सगळं यात आहे. मोबाइल नंबर बदललाय आणि बँकेत जुनाच आहे अशी मंडळी मात्र माझ्या ओळखीतच भरपूर आहेत, त्यांना हे सगळं असून नसल्यासारखं. आणि सात वर्षं लॉकर उघडलंच नाही आणि तुमचा पत्ताही लागत नसेल, तर भाडं चालू असलं तरी बँक ते उघडू शकते. गावी लॉकर आणि स्वतः अमेरिकेत, अशांनी हे वाक्य परत वाचा.

तिसरी पायरी, आणि इथेच सगळं अडलं असतं. क्लेम मान्य झाला असं समजा, सर्व्हेअर (नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला माणूस) घरी आला आणि पहिलाच प्रश्न, सात दागिने होते हे कशावरून? तोच प्रश्न जो राज्य आयोगाने विचारला, तोच राष्ट्रीय आयोगाने, तोच सुप्रीम कोर्टाने बाजूला ठेवला. विमा असला म्हणून हा प्रश्न जात नाही, फक्त विचारणारा बदलतो. नुकसान सिद्ध करायची जबाबदारी विमेदाराची. लॉकरची गंमतच अशी आहे की त्याची गोपनीयता हाच त्याचा गुण आणि क्लेमच्या वेळी हाच दोष, आत काय ठेवलं हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही आणि तुमचा शब्द पुरावा होत नाही.

चौथं थोडक्यात. कंपनीने पैसे दिले की बँकेकडून वसूल करायचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो, म्हणून पाकीट ताब्यात घेताना बँकेने "सर्व ऐवज मिळाला, काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागितली तर करायची नाही, केली तर बँकेवरचा दावाही गेला आणि कंपनीलाही नकार द्यायला कारण मिळालं. घ्यायचंच असेल तर "हरकत नोंदवून स्वीकारलं" असं स्वतःच्या हाताने लिहून घ्या.

कोणी म्हणेल हे उदाहरणच विचित्र आहे, बँक स्वतःच कुठे लॉकर फोडत बसते, खरी भीती चोरीची. ठीक आहे, जुईनगर घ्या. नोव्हेंबर २०१७, नवी मुंबई, बँक ऑफ बडोदाच्या शाखेशेजारी गाळा भाड्याने घेऊन टोळीने किराणा दुकान थाटलं, आतून बँकेपर्यंत भुयार खणलं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत लॉकररूममध्ये घुसून तीसच्या आसपास लॉकर फोडली. इथे पहिल्या पायरीला काही अडचण नाही, याहून स्पष्ट घरफोडी कुठली असणार? तारीखही पक्की. पण तिसरी पायरी तशीच. पोलिसही तेच विचारतात, काय काय होतं सांगा, आणि लोक बँकेबाहेर उभे राहून आठवत असतात. पुढे चोरीचा माल हाती लागला तरी हे मंगळसूत्र माझंच हे कोर्टाला पटवायला फोटो लागतो, बिल लागतं. तेव्हा शंभर पटीचा नियमही नव्हता, त्याच वर्षी माहितीच्या अधिकारात सरकारी बँकांनी लॉकरमधल्या ऐवजाची आमची जबाबदारी नाही असं उत्तर दिलं होतं.

बरं, आता दागिने सोडा, आपल्या विषयावर येऊ. संग्रह म्हटलं की प्रकरण आणखी किचकट होतं.

घराच्या विम्यासाठी २०२१ च्या एप्रिलपासून सगळ्या कंपन्यांकडे भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आहे. चांगली आहे, स्वस्त आहे, अंडरइन्शुरन्सची (मालाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा काढला म्हणून क्लेममधून होणारी) कापाकापी नाही. पण तिच्या अपवादांच्या यादीत बघा, सोन्याचांदीच्या लगडी, न जडवलेली रत्नं, हस्तलिखितं, कागदपत्रं आणि नाणी-नोटा, हे सगळं बाहेर, पॉलिसीत स्पष्ट उल्लेख केला नसेल तर. घरातून दुसरीकडे हलवलेल्या वस्तूही बाहेर. म्हणजे लॉकरमधला नाणेसंग्रह दोन्हीकडून मेला, नाणी म्हणून आणि घराबाहेर आहे म्हणून. मौल्यवान वस्तूंसाठी ऐच्छिक कव्हर आहे, ठरलेल्या किमतीवर, त्यात दागिने, चांदीची भांडी, चित्रं, पुराणवस्तू येतात, व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागतं (पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू लाखाच्या आत असेल तर सूट आहे). पण तुमची नाणी "पुराणवस्तू" की "नाणी", हा वाद क्लेमच्या वेळी घालण्यापेक्षा आधीच कंपनीकडून लेखी घ्या. एजंट "हो हो सगळं कव्हर आहे" म्हणेल, त्याचा व्हॉट्सअॅप चालत नाही. पॉलिसीवर एंडोर्समेंट (कंपनीने जोडलेली लेखी नोंद) पाहिजे, त्यात नाणी हा शब्द पाहिजे, आणि ठिकाण म्हणून बँकेच्या शाखेचा पत्ता पाहिजे. कंपनी नाही म्हणाली तर दुसरी कंपनी बघा, ब्रोकरमार्फत विचारा. अमेरिकेत नाणेसंग्राहकांसाठी वेगळ्या पॉलिसी असतात आणि माल बँकेच्या व्हॉल्टमध्ये असेल तर घरापेक्षा दर कमी लावतात, आपल्याकडे हे अजून मागून घ्यावं लागतं.

किंमत हा दुसरा घोळ. १९३९ चा जॉर्ज सहावा रुपया घ्या. ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, पुढच्या वर्षीपासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि हे जुने रुपये फार थोडे बाहेर आले, म्हणून दुर्मीळ. लिलावात चांगल्या अवस्थेतल्या नाण्याला लाखांत बोली लागते. पॉलिसी बाजारभावावर असेल आणि कसला बाजार हे लिहिलेलं नसेल तर सर्व्हेअर सराफाकडे जाणार, आणि सराफाच्या लेखी ती साडेअकरा ग्रॅम जुनी चांदी, बाकी काही नाही. म्हणून ठरलेली किंमतच हवी, नाणंनिहाय यादी पॉलिसीला जोडून. आणि किमतीला आधार म्हणून सराफाचं सर्टिफिकेट नको, नाण्यांच्या जाणकाराचं हवं, सोबत मुंबई, अहमदाबाद, बंगळुरूच्या नाणेलिलावांचे कॅटलॉग आणि तिथे खरोखर लागलेल्या बोली. १९३९ च्या रुपयात नकली भरपूर, १९३८ चा आठ खरवडून नऊ केलेलेही मिळतात, त्यामुळे अस्सल असल्याचा कागद नसेल तर कंपनी तिथेही अडवू शकते. ग्रेडिंगला (नाण्याचा अस्सलपणा आणि अवस्था तपासून घ्यायला) परदेशी पाठवायचं तर शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात येतं, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. १९३९ चं अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे. १८३५ चा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया किंवा शिवराई कधीच पलीकडे गेलीय.

भारत गृह रक्षा सोडून साधी घरफोडीची पॉलिसी घेतली तर अंडरइन्शुरन्स लागतो. संग्रह वीस लाखांचा, प्रीमियम वाचवायला विमा दहाचा, चोरी चार लाखांची, तर मिळणार दोन. लोक म्हणतात अहो चार तर दहाच्या आत आहेत ना. नाही, तुम्ही निम्म्याचा विमा घेतला म्हणून निम्मंच. संग्रह दरवर्षी वाढतो, भाव वाढतात आणि पॉलिसी मात्र जुन्याच आकड्यावर रिन्यू होत राहते, हे फार जणांचं होतं.

नोटा जमवणाऱ्यांचं तर अजूनच अवघड. लॉकरच्या नव्या करारात लॉकर दागिने, कागदपत्रं यासाठी, रोख किंवा चलन ठेवायला नाही असं लिहिलेलं असतं. ७८६ नंबरच्या चालू नोटांची बंडलं, चालू कमेमोरेटिव्ह (स्मारक) नाणी हे तुमच्यासाठी कलेक्शन, करारासाठी चलन, आणि विमा कंपनी मानलंच तर दर्शनी किंमत मानणार. माझं मत विचाराल तर चालू चलनातलं काही लॉकरमध्ये ठेवूच नका. जुन्या पाचशे-हजारच्या नोटा संग्रहात असतील तर २०१७ च्या कायद्याने संग्रहासाठी म्हणून पंचवीसच ठेवता येतात, त्यापुढच्या नोटांचा क्लेम करायला जाल तर क्लेम राहील बाजूला आणि दंड भरावा लागेल. आणि मुरादाबादला २०२३ मध्ये बँकेच्या लॉकरमधल्या लाखोंच्या नोटा वाळवीने खाल्ल्याची बातमी आठवत असेलच. वाळवी, कसर, दमट हवा, हळूहळू होणारं खराब होणं, हे सहसा कुठल्याच विम्यात येत नाही. पीव्हीसीच्या पाकिटांमुळे नाण्यांवर चढणारा हिरवा चिकट थरसुद्धा त्यातच जमा.

आता यादी. कोलकात्याच्या केसमध्ये एक साधी यादी, फोटो आणि बिलांसकट, त्या माणसाच्या हातात असती तर राज्य आयोगाला "दिवाणी कोर्टात जा" म्हणणं तितकं सोपं गेलं नसतं असं मला वाटतं. दागिन्यांची यादी लोक का करत नाहीत हे काही गुपित नाही, इन्कम टॅक्सची भीती आणि भावा-बहिणींत वाद नको. भीती वाटण्यासारखा माल असेल तर तो प्रश्न विम्याचा नाही, सीएचा आहे. पण आजीकडून आलेल्या नाण्यांची यादी केल्याने कोणावर धाड पडत नाही, उलट वारसाने आली हे लिहून ठेवलं तर पुढे खुलासा सोपा जातो.

एका नाण्याची नोंद कशी असावी? "राणीछाप रुपया, १ नग" ही नोंद नाही. साल, टाकसाळ, वजन दशांशाच्या दोन घरांपर्यंत (सगळ्यांचं छापील ११.६६ लिहू नका, काट्यावर जे आलं ते, ११.५८ तर ११.५८, झिजलेल्या नाण्याचं वजन ही त्याची ओळख असते), व्यास, दोन्ही बाजूंचे आणि कडेचा फोटो, आणि त्या एकाच नाण्यावर असलेली खूण, राणीच्या गालावरचा ओरखडा, कडेला दागिन्याच्या कड्यासाठी दिलेला डाग (सोल्डर) काढल्याची जागा, काय असेल ते. मग खरेदी कुठून, लॉट नंबर, बिल, पैसे गेल्याची बँक एंट्री. वारशाने आलं असेल तर कोणाकडून, साधारण कधी.

पण ही यादी फक्त एवढंच सांगते की नाणं तुमचं होतं. ते त्या दिवशी लॉकरमध्ये होतं हे कशावरून? बँक साक्ष देणार नाही, तिला आतलं माहीत नाही, आणि बऱ्याच शाखांत लॉकररूममध्ये मोबाइल काढू देत नाहीत. इथे तो एसएमएस कामाला येतो. लॉकर उघडल्याचा प्रत्येक एसएमएस डिलीट न करता ठेवायचा आणि आपल्या वहीत त्याच तारखेला लिहायचं, ट्रे ४ ठेवला, ट्रे २ मधली तीन नाणी प्रदर्शनासाठी बाहेर काढली. बाहेर काढली तर ती परत ठेवेपर्यंत लॉकरच्या पॉलिसीत नाहीत हेही लक्षात ठेवा, प्रवासाचं आणि प्रदर्शनाचं कव्हर वेगळं. बँकेचं रजिस्टर आणि तुमची वही तारखेला तारीख जुळली की सर्व्हेअरला नाही म्हणणं जड जातं. तरी म्हणालाच तर विमा लोकपाल आहे, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी फुकट ऐकतात, पुण्यातही ऑफिस आहे, पण तिथेही कागदच बघणार.

वही, फोटो, पॉलिसी, व्हॅल्युएशन यातलं काहीही त्याच लॉकरमध्ये ठेवू नका. हसू नका, बहुतेक जण तिथेच ठेवतात, "महत्त्वाचे कागद" म्हणून.

आणि नावं जुळवून घ्या. संग्रह वडिलांचा, लॉकर वडील आणि मुलाच्या नावावर, पॉलिसी मुलाने ऑनलाइन काढली म्हणून फक्त मुलाच्या नावावर, हे सर्रास दिसतं, आणि मग कंपनी विचारते की नाणी तुमची आहेत का, तुमचं नुकसान काय झालं? पॉलिसीत दोघांची नावं घाला आणि नाणी कोणाची हे यादीवरच लिहून दोघांच्या सह्या करा. लॉकरला आता चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, एकामागून एक अशा क्रमाने, नोव्हेंबर २०२५ पासून. पण नॉमिनी लॉकर उघडून ऐवज घेऊ शकतो, पॉलिसी त्याच्या नावावर आपोआप होत नाही, तेव्हा ऐवज ताब्यात आल्याबरोबर त्याने कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्यायची, आणि हे त्याला आधी सांगून ठेवायचं काम संग्राहकाचं.